पाव टक्क्याची लिफ्ट

रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीची बैठक दर दोन महिन्यांनी मुंबईत होते. त्याच सकाळी दुसरी एक बैठक बडोद्यात, समा भागातल्या आमच्या सौजन्य अपार्टमेंटच्या जिन्याखाली, जिथे दुचाक्या लावतात तिथे भरते. मुंबईच्या बैठकीला म्हणे सभासदांची संख्या ठरलेली असते. आमच्याकडे ती अट नाही. मुंबईतले लोक व्याजाचा दर ठरवतात आणि तो ठरल्यावर मी काय करायचं ते आमचे लोक ठरवतात.

मला खरं म्हणजे फक्त एक लिफ्ट हवी होती.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. बाबा गेल्यापासून आई खाली उतरली नव्हती. कारण विचारलं की "गुडघे" एवढंच सांगायची. डॉक्टरांनीही तिची बाजू घेतली. चढताना नाही, पण उतरताना सगळा भार गुडघ्यावर येतो, म्हणाले. पूर्वी ती बाबांच्या खांद्यावर हात ठेवून उतरायची. मी माझा खांदा पुढे केला तेव्हा तिने तो नीट पाहिला आणि म्हणाली, "तू उंच आहेस." यावर वाद घालता येत नाही.

तळमजल्यावर एखादं घर बघावं, तर विश्वामित्री नदीला पूर आला की तळमजल्याची माणसं अंथरुणं घेऊन आमच्याकडे राहायला येतात. त्यामुळे तो पर्याय आईने कधीच निकालात काढलेला होता. म्हणजे उरली लिफ्ट. आणि लिफ्ट सुटी विकत मिळत नाही, तिच्याबरोबर फ्लॅट घ्यावा लागतो.

त्यासाठी हाताशी होते बाबांचे शेअर. आमचं घराणं संस्थानच्या कारभाऱ्यांचं. दुसऱ्याच्या पैशाचा चोख हिशेब ठेवणं आमच्या रक्तात आहे. स्वतःचा पैसा वाढवणं हा मात्र आमच्याकडे किंचित चावटपणा समजला जातो. बाबांनी तो आयुष्यात एकदाच केला. अचलगृह डेव्हलपर्स नावाच्या, घरं बांधणाऱ्या कंपनीचे शेअर घेतले. का घेतले, तर जाहिरातीतल्या घराच्या खिडक्या त्यांना योग्य दिशेला वाटल्या. शेअर वाढत गेले. याचं सगळ्यात जास्त नवल बाबांनाच वाटलं, पण सोसायटीने त्यांना ज्ञानी ठरवून टाकलं आणि बघता बघता प्रत्येक मजल्यावर थोडे थोडे अचलगृह येऊन बसले. बाबा संध्याकाळी खाली गेले की लोक त्यांना भाव विचारायचे आणि बाबा खिडक्यांबद्दल बोलायचे. ते लोकांना फारच खोल वाटायचं.

तेव्हा बाबांचे शेअर विकायचे, त्यातून फ्लॅटची सुरुवातीची रक्कम भरायची, बाकीचं बँकेकडून कर्ज. सरळ बेत होता. तो मी पहिल्या मजल्यावरच्या हार्दिकभाईंना सांगितला, ही माझी पहिली चूक. त्यांचं शेअरचं काम आहे. ते आमच्याशी मराठी बोलतात. म्हणजे निदान प्रत्यय मराठी असतात.

"शलाकाबेन, एकदम सिम्पल आहे," ते म्हणाले. "व्याज घटला की हप्तो घटतो. हप्तो घटला की पब्लिक घर घ्यायला नीकळते. पब्लिक नीकळली की बिल्डरचा शेअर वधतो, वर जातो. बस, तेव्हा तुमी वेचून, म्हणजे विकून टाका."

"आणि फ्लॅट कधी घ्यायचा?"

"ए तो व्याज वाढेल तेव्हा ने! तेव्हा घराक नाय, कोणी घ्यायला येत नाय, बिल्डर एकदम नरम. मागाल ते देतो."

"पण मला शेअर विकूनच फ्लॅट घ्यायचाय, हार्दिकभाई. व्याज कमी असताना शेअर महाग आणि फ्लॅटही महाग. व्याज जास्त असताना फ्लॅट स्वस्त, पण शेअरही स्वस्त आणि वर माझा हप्ता जास्त. मग मी उभं कुठे राहायचं?"

हार्दिकभाईंनी माझ्याकडे अशा कौतुकाने पाहिलं, जसं मूल पहिल्यांदा तोल सावरून उभं राहिलं की पाहतात. "एज तो गेम छे, बेन," ते म्हणाले.

मी पुस्तकं पुष्कळ वाचते. त्यामुळे एखादी गोष्ट समजली की ती सुटली, असा माझा जुना गैरसमज आहे. मी वर्तमानपत्रांची अर्थविषयक पानं वाचायला घेतली. महिन्याभरात मला रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, त्याबरोबर हलणारं कर्जाचं तरतं व्याज, घरांची मागणी आणि बिल्डर कंपन्यांचे भाव यांचं नातं इतकं स्वच्छ समजलं की मी काहीही करू शकेनाशी झाले.

तळमजल्यावर उदयसिंहराव राहतात. त्यांचे पूर्वज संस्थानच्या घोडदळात होते आणि ते स्वतः एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या ताब्यात आमचं फाटक आहे.

"पोरी, त्या हार्दिकचं ऐकू नकोस," ते म्हणाले. "व्याज म्हणजे नदीचं पाणी. उतरायला लागलं म्हणून लगेच शिरायचं नसतं. अजून उतरू द्यायचं. घाईने पाण्यात शिरलेल्या पलटणी बुडालेल्या आहेत."

"पण काका, पाणी उतरेपर्यंत पलीकडची जागा दुसऱ्याने घेतली तर?"

"मग ती आपली नव्हतीच," उदयसिंहराव म्हणाले. घोडदळ मोडीत का निघालं असावं, याचा मला पहिल्यांदाच अंदाज आला.

तरीही समा-सावली रस्त्याच्या एका नव्या स्कीमचा नमुना फ्लॅट बघायला मी त्यांनाच घेऊन गेले, कारण पाणी कुठवर येतं हे बडोद्यात त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसेल. त्या वेळी दर बरेच दिवस चढे होते आणि रस्त्याला चिटपाखरू नव्हतं. दारात बिल्डरकडची भक्ती नावाची तरतरीत मुलगी उभी होती. तिने आम्हाला गार पाणी, मसाला ताक, मग काजू-बदामाची वाटी दिली. "काकांना पाय लांब करायचे तर करू द्या हं," म्हणाली. बैठकीच्या खोलीत पुस्तकांचं कपाट होतं. सवयीने एक पुस्तक ओढलं तर सगळीच्या सगळी ओळ हातात आली. पुस्तकांचे नुसते कणे होते, फळीवर चिकटवलेले. मी ती ओळ जागेवर ठेवली. भक्तीने पाहिलं नाही, पण मला मात्र कोणाच्या तरी खासगी आयुष्यात डोकावल्यासारखं वाटलं.

उदयसिंहराव तोवर शयनगृहात जाऊन पलंगावर आडवे झाले होते. त्यांचे पाय गुडघ्यापासून बाहेर लोंबत होते.

"पलंग लहान केलाय," ते छताकडे बघत म्हणाले. "खोली मोठी दिसावी म्हणून. जुना कावा आहे."

"आणि लिफ्ट?" मी भक्तीला विचारलं.

"दोन आहेत, मॅडम! एकात तर सोफासुद्धा मावेल." तिने मला लिफ्टचं चित्र दाखवलं. चित्रात एक वयस्कर बाई हसत लिफ्टमधून बाहेर पडत होती आणि तिला कोणाच्याही खांद्याची गरज नव्हती. इमारतीचा पाया अजून खणायचा होता.

मी विचार करून सांगते म्हटलं. आमच्या घराण्यात हे वाक्य नकारार्थी नाही. आम्ही खरोखरच विचार करतो. मी विचार करत असताना रिझर्व्ह बँकेने दर पाव टक्का उतरवला. पुढच्या आठवड्यात गेले तर ताक होतं, पण सुका मेवा नव्हता. त्यानंतर दर पुन्हा उतरला. या वेळी रस्त्यावर गाड्या लावायला जागा नव्हती, नमुना फ्लॅटच्या बाहेर चपलांचा ढीग होता, आणि पाणीसुद्धा कागदी पेल्यात, तेही मागितल्यावर मिळालं. "मॅडम, आज जरा गर्दी आहे," भक्ती म्हणाली. "भाव एक तारखेपासून वाढतील, हां. सातव्या मजल्यापर्यंत सगळं बुक झालंय." उदयसिंहरावांना पलंगावर बसू दिलं नाही. तिथे आधीच एक कुटुंब फोटो काढत बसलं होतं.

अर्थशास्त्राची मोठमोठी पुस्तकं मागणी मोजण्याचे अनेक उपाय सांगतात. माझ्या मते नमुना फ्लॅटमधला ट्रे पुरेसा आहे. व्याजाचा दर चढा असेल तर काजू, मध्यम असेल तर ताक, उतरला की कागदी पेला.

त्याच दिवशी अचलगृहचा भाव वर गेला होता. म्हणजे हार्दिकभाईंच्या हिशेबाने विकायची वेळ आली होती. फक्त शेअर विकण्यासाठी ते आधी आपल्या नावावर असावे लागतात आणि ते अजून बाबांच्या नावावर होते. वारस म्हणून आईचं नाव त्यांनी लावलेलं होतं. सोपं होतं, असं सगळे म्हणाले. मृत्यूचा दाखला जोडायचा. तो जोडला. मग दाखल्याची साक्षांकित प्रत हवी होती. ती जोडली. मग असं कळलं की आईचं स्वतःचं खातं उघडल्याशिवाय शेअर तिच्याकडे येणार नाहीत, आणि खातं उघडायचं तर आई जिवंत आहे हे एका अधिकाऱ्याने व्हिडिओवर स्वतः पाहायला हवं.

घरात नेट नीट येईना, म्हणून आम्ही गच्चीवर गेलो. आई एक मजला सहज चढली. मी खुर्ची नेली होती, ती तिने पाण्याच्या टाकीच्या सावलीत सरकवून घेतली. पदर सारखा केला. पडद्यावर एक तरुण अधिकारी आला. कुठल्या गावचा होता कोण जाणे, हिंदी बोलत होता.

"माताजी, आप शेअर बाजार में निवेश क्यों करना चाहती हैं?"

"मला नाही करायचं," आई मला म्हणाली. "त्याला सांग."

"आई, नुसतं हो म्हण."

"खोटं कशाला बोलू? सरकारी माणूस दिसतोय."

तो सरकारी नव्हता, पण ते समजावण्यात अर्थ नव्हता. त्याने पुढचा प्रश्न सोडून दिला आणि म्हणाला, "माताजी, ज़रा पलकें झपकाइए."

"म्हणजे?"

"डोळे मिटायचे आणि उघडायचे."

आईने डोळे मिटले आणि उघडलेच नाहीत. अधिकारी वाट बघत राहिला. खाली कुठेतरी भंगारवाला ओरडत गेला. मी तिच्या हाताला स्पर्श करावा की नाही, हे मला ठरवता येईना. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते.

"हो गया," अधिकारी म्हणाला. "लाइवनेस ओके."

आई उठली, खुर्ची उचलू लागली. मी ती तिच्या हातून घेतली.

असा आईचा जिवंतपणा प्रमाणित झाला, आणि काही आठवड्यांनी बाबांचे शेअर तिच्या खात्यात आले. ते आले तेव्हा रिझर्व्ह बँकेने दर आहे तिथेच ठेवले आणि अचलगृह खाली आलं. भक्तीचा फोन आला: मॅडम, या ना, ताक प्यायला या. जिन्याखालच्या बैठकीत दोन तट पडले. हार्दिकभाई म्हणाले, थांबा, डिसेंबरमां कट आवशे, व्याज घटेल. उदयसिंहराव म्हणाले, थांब, अजून उतरू दे. एक वर जाण्याची वाट बघत होते, दुसरे खाली येण्याची, आणि दोघांचाही सल्ला एकच होता. मी थांबले. आई वर थांबलेलीच होती. रोज संध्याकाळी ती सज्जात उभी राहून खालची बाकं बघायची आणि मी आले की आत जायची.

मग दिवाळी आली.

वर्षाच्या आतली दिवाळी आम्ही करत नाही. आकाशकंदील नाही, फराळ नाही, लक्ष्मीपूजन नाही. शेजारचे लोक डबे आणून देतात आणि आपण ते घेतो, एवढीच त्या वर्षीची दिवाळी. त्यामुळे लक्ष्मीपूजनाचा दिवस हा माझ्या लेखी सुट्टीचा एक दिवस होता, बाकी काही नाही. पुढे जे झालं त्याचं मूळ इथे आहे, हे मी नंतर पुष्कळांना सांगून पाहिलं.

त्या दिवशी शेअर बाजार मुहूर्तापुरता तासभर उघडतो, हे मला वर्तमानपत्रामुळे माहीत होतं. यंदा तो दुपारी होता. आठवडाभर दरकपातीच्या चर्चा होत्या, त्यामुळे अचलगृह पुन्हा चढलं होतं. भक्तीकडे मात्र दिवाळीची सवलत होती: बुकिंगवर स्वयंपाकघर फुकट. म्हणजे शेअर महाग आणि फ्लॅट त्यातल्या त्यात स्वस्त, असा योग महिन्यांनंतर पहिल्यांदा जमून आला होता. मी ठरवलं, आज विकायचे. बाजार उघडा आहे याचा अर्थ व्यवहार करता येतो, असा कारभारी घराण्याचा सरळ समज.

हार्दिकभाईंकडे अर्धी सोसायटी जमली होती. त्यांच्या आई लीलाबेन यांनी लॅपटॉपला कुंकवाचं स्वस्तिक काढून वर सुपारी ठेवली होती. सुपारी घरंगळू नये म्हणून हार्दिकभाई लॅपटॉप जराही न हलवता एका बोटाने टाइप करत होते. एकेक जण पुढे येऊन एखादा शेअर घेत होता, पेढा घेत होता. मी कोपऱ्यात माझ्या फोनवर आईचं खातं उघडून बसले. विकण्याआधी एक आकड्यांचा संदेश आईच्या फोनवर येणार होता, आणि तो फोन तिसऱ्या मजल्यावर आईजवळ होता. मी सज्जात जाऊन वर हाक मारली.

"आई! मेसेज आला का?"

"आलाय! वाचू?"

"वाच!"

आईने तिसऱ्या मजल्यावरून एकेक आकडा खणखणीत आवाजात वाचला. फटाक्यांच्या आवाजात मला दोन ऐकू आले नाहीत, ते खालून उदयसिंहरावांनी फाटकावरच्या आवाजात परत सांगितले. समोरच्या इमारतीतल्या एका बाईंनी त्यांना दुजोरा दिला. शेवटी, "हे आकडे कोणालाही सांगू नका असं लिहिलंय," हेही आईने तेवढ्याच मोठ्याने वाचलं.

मी बटण दाबलं. सौदा झाला. इतके महिने जे जमलं नव्हतं ते जमल्याचा मला जरा अभिमान वाटला आणि मी आत येऊन म्हणाले, "झालं."

"शुं लीधुं, बेटा?" काय घेतलंस म्हणून लीलाबेननी पेढा पुढे केला.

"विकले. अचलगृह. सगळे."

पेढा हवेत राहिला. इतकी शांतता मी समामध्ये यापूर्वी फक्त वीज जाते तेव्हा ऐकली होती.

"वेच्या?" लीलाबेन म्हणाल्या. "मुहूर्तमां? आजे तो लक्ष्मीजी घरमां आवे, बेटा. आजे कोई काढे?"

हार्दिकभाई उभे राहिले आणि सुपारी पडली. "शलाकाबेन, मुहूर्तात कोणी वेचत नाय! कधीच नाय!"

वर्तमानपत्रात हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. जे सगळ्यांना माहीत असतं ते कोणी छापत नाही.

"पण हार्दिकभाई," मी म्हटलं, "कोणी विकतच नसेल तर तुम्ही सगळे विकत कोणाकडून घेताय?"

"वेचणारे मुंबईत असतात," हार्दिकभाई म्हणाले.

तेवढ्यात कोणीतरी पाहिलं की अचलगृह थोडं घसरलं आहे. माझ्यामुळे अर्थातच नव्हे. बाबांच्या शेअरनी मुंबईत वाऱ्याची झुळूकसुद्धा आली नसती. पण सोसायटीला शेअर बाबांनी सुचवलेला होता आणि आता बाबांच्याच मुलीने तो विकला होता. "काकांनी जाताना काही सांगून ठेवलं असेल," मागून कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं. दुसऱ्याने फोन काढला. मुहूर्त संपायच्या आत दोघांनी गुपचूप विकले, आणि ते कोणी हे आजतागायत सोसायटीला कळलेलं नाही.

मी पेढा न घेता वर आले. जिना चढताना मान शक्य तितकी ताठ ठेवली.

संध्याकाळी लोक भेटायला आले. दोघं दोघं करून आले, चपला बाहेर काढून, आवाज न करता बसले. कोणी शेअरचं नाव काढलं नाही. "जे थयुं ते थयुं," लीलाबेन म्हणाल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. उदयसिंहराव म्हणाले, "ही माघार आहे, पोरी, पराभव नाही." आईने सगळ्यांना पाणी दिलं. लोक गेल्यावर तिने एवढंच विचारलं, "ते तुला काय म्हणत होते दुपारी?"

"काही नाही. मुहूर्तावर विकत नाहीत म्हणे."

"तू विकलेस?"

"अगं, तूच तर आकडे सांगितलेस."

"ते नाही विचारत. दोष तुलाच देताहेत का, ते विचारते," आई म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी पाडवा. गुजराती लोकांचं नवं वर्ष. पहाटेपासून खाली माणसं जमतात, "साल मुबारक" करतात, धाकटे थोरांच्या पाया पडतात. पाडव्याला आई बाबांना ओवाळायची. त्या सकाळी ती लवकर उठली, न्हाली आणि स्वयंपाकघरात जाऊन दूध तापवत उभी राहिली. ताम्हन तिने काढलं नाही. दही आणायचं म्हणून मी पिशवी घेऊन खाली गेले.

फाटकापाशी सगळे होते. मला पाहून बोलणं थांबलं. मग एकाच वेळी तिघांनी साल मुबारक म्हटलं, जरा जास्तच गोड आवाजात.

"शलाकाबेन, तुमी टेन्शन नाय घ्यायचा," हार्दिकभाई म्हणाले. "लेडीज आहात, तुमाला काय माहीत. पण काकांनी जीवासारखा सांभाळला होता ने, म्हणून लोक बोलतात. माझे तीन घराकनी सकाळपासून फोन केला. म्हणतात, काकांच्या छोकरीने काढला तर आपण काय करू?"

"मी सांगतो ना," उदयसिंहराव म्हणाले, "तिची चूक नाही. बापाविना पोर. घाबरली."

मी घाबरले नव्हते. मी त्यांना रेपो दर, घरांची मागणी आणि दिवाळीची सवलत यांचा मेळ सविस्तर समजावून सांगणार होते. पण त्याऐवजी मी दह्याच्या पिशवीचं तोंड उघडून आत बघू लागले. पिशवी रिकामी होती.

तेवढ्यात लीलाबेन म्हणाल्या, "अरे, विमलाबेन!"

आई जिन्याच्या शेवटच्या वळणावर सगळं ऐकत उभी होती. एक हात कठड्यावर, दुसऱ्यात साडीच्या निऱ्या. ती पायरी बघत उतरत होती. एक पाय खाली, मग दुसरा त्याच पायरीवर, मग थोडं थांबून पुढची. कोणी हललं नाही. मी पुढे झाले तर तिने मान हलवून मला थांबवलं. शेवटच्या पायरीवर ती थांबली, श्वास घेतला आणि सरळ हार्दिकभाईंसमोर येऊन उभी राहिली. आई बाहेरच्यांशी गुजराती बोलते. तिची गुजराती माझ्यापेक्षा पुष्कळ चांगली आहे.

"हार्दिक, शेर कोना नामे हता?"

"काकी, तमारा."

"आंकडा कोणे बोल्या? आखी सोसायटीए सांभळ्या ने?" ते आकडे खरोखरच सगळ्या सोसायटीने ऐकले होते.

"तमे, काकी."

"तो वेच्या कोणे?"

हार्दिकभाईंनी उदयसिंहरावांकडे पाहिलं. उदयसिंहराव फाटकाची कडी तपासू लागले.

"तमे," हार्दिकभाई म्हणाले.

"तो मने कहो. छोकरीने शुं काम कहो छो?" पोरीला कशाला बोलता, हे असं विचारून झाल्यावर ती मराठीकडे वळली, कारण उदयसिंहरावांची पाळी होती. "आणि बापाविना पोर कोणाला म्हणता हो, भाऊसाहेब? आई आहे तिला. आत्ता तुमच्यासमोर उभी आहे."

"तसं नव्हे, वहिनी..."

"लक्ष्मी माझी होती. तिला जायचं तेव्हा ती जाईल, यायचं तेव्हा येईल. ह्यांनी खिडक्या बघून शेअर घेतले होते. मीच सांगितलं होतं की खिडक्या चांगल्या आहेत."

हे मलासुद्धा नवीन होतं. सोसायटीचं सगळं अचलगृह मुळात आईच्या शब्दावर उभं होतं, हे लक्षात यायला लोकांना एक क्षण लागला. मग हार्दिकभाई खाली वाकले. "साल मुबारक, काकी," म्हणून पाया पडले. त्यांच्यामागे बाकीचे पडले. लीलाबेननी प्लास्टिकची खुर्ची ओढली, तिच्यावरची धूळ पदराने पुसली आणि आईला धरून बसवलं. "केटला वखते आव्या," इतक्या दिवसांनी खाली आलेल्या आईला त्या म्हणाल्या आणि तिचा हात धरून ठेवला. आईने तो सोडवून घेतला नाही.

"शलाके," ती मला म्हणाली, "दार उघडं टाकून आले. गॅसवर दूध आहे."

मी धावत वर गेले. दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली वाहत होतं. नव्या घरात शिरताना लोक ते मुद्दाम उतू जाऊ देतात. आमच्याकडे जुन्याच घरात, कुठलाही दस्तऐवज न करता गेलं. मी गॅस बंद केला, फडकं घेतलं. फोन वाजला. भक्तीचा संदेश होता: नूतन वर्षाभिनंदन, सवलत आज संध्याकाळपर्यंत, लिफ्टच्या चित्रासह. मी फोन उलटा ठेवला. आता लिफ्ट हवी की नको, हे जिच्यासाठी हवी तिलाच विचारायला पाहिजे होतं. इतक्या महिन्यांत मी भाव सगळ्यांना विचारला होता, हे मात्र तिला एकदाही नाही.

ओटा पुसून झाल्यावर मी सज्जात आले. खाली आई खुर्चीत बसली होती. हातात कप होता. हार्दिकभाई उकिडवे बसून तिला काहीतरी समजावत होते आणि ती मान हलवून नाही म्हणत होती. बहुधा खिडक्यांबद्दल असावं. वरून तिच्या केसांतला भांग दिसत होता. मी तिथेच उभी राहिले. तिला हाक मारावीशी वाटेना, आणि आतही जावंसं वाटेना. डोळे पुसायला हातात फडकं होतं, पण ते दुधाचं होतं.

तिने मान वर केली.

"गेलं ना दूध?"

"गेलं."

"जाऊ दे. वर काय करतेस एकटी? खाली ये."